औषधाची खिडकी

ता. ४ फेब्रुवारी

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद. चि. टिल्लीस आजोबांचा गालगुच्चा.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोन सोडून हा म्हातारा कागद का खरडतो आहे म्हणशील, तर फोनवर बारक्याचं नाव निघालं की तुझं दूध तरी उतू जातं नाहीतर दारावर कोणीतरी येतं. पत्राला तशी सोय नाही. वाचून बाजूला ठेवलंस तरी ते तिथेच पडून राहतं.

बातमी अशी की बारक्या गेल्या महिन्यापासून माझ्याकडे राहतो आहे. सहा फुटांच्या माणसाला अजून बारक्या म्हणावं लागतं, पण जिभेला वळण पडलं ते पडलं. तू टिल्लीला घेऊन गेलीस ते योग्यच केलंस, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणतो. परांचीवरून पडला, पाठ धरली, पाठीसाठी गोळ्या, गोळ्यांनंतर पावडर, पावडरीनंतर सुई, ही उतरंड तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. तळमजल्याच्या खालीही एक खड्डा असतो हे मला ठाऊक होतं. आपला मुलगा तिथे जाऊन बसेल हे ठाऊक नव्हतं.

आता तो कसा आहे ते ऐक. बाजारामागच्या गल्लीत पूर्वी चपलांचं दुकान होतं, तिथे व्यसनी लोकांसाठी एक केंद्र निघालं आहे. बारक्या रोज तिकडे जातो. मला वाटलं माल आणायला जातो, म्हणून एक दिवस मागोमाग गेलो. बघतो तर आमचे चिरंजीव कपडे धुवायच्या यंत्रासमोर स्टुलावर बसून मोज्यांची वाट बघताहेत. तिथे अंघोळ करता येते, जखमेला पट्टी बांधून मिळते, ज्यांची सुई सुटलेली नाही त्यांना स्वच्छ सुई मिळते. हे शेवटचं ऐकून मी तिथेच तोंड उघडणार होतो. बारक्याने मला कोपराने ढोसलं.

घरी येताना मी त्याला विचारलं की मदतीची एवढी मोठी सरकारी कचेरी असताना हे दुकान कशाला. त्याने शांतपणे समजावलं. कचेरीत पत्ता लागतो, आणि फुटपाथवर झोपणाऱ्याला पत्ता नसतो. रात्रीच्या निवाऱ्याचा पत्ता चालतो, पण नशा केलेल्याला निवाऱ्यात घेत नाहीत. नशा सोडवायच्या दवाखान्यात जायचं तर कचेरीची चिठ्ठी लागते. म्हणजे आधी कोंबडी की आधी अंडं. केंद्रात मात्र भिजलेला माणूस आला तर आधी टॉवेल देतात, नाव मागाहून विचारतात. माझ्याकडे राहायला आला तोही मुख्यतः पत्त्यासाठी आला, हेही त्याने सांगून टाकलं. मला जरा लागलं. पण खरं बोलला, याचं बरंही वाटलं.

पत्त्यावर चिठ्ठी मिळाली आणि चिठ्ठीवर औषध. दवाखान्याच्या कडेला एक खिडकी आहे, तिथे सकाळी रांग लावायची. गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत समोरच उभं राहायचं आणि मग आ करून दाखवायचं. त्या गोळीने गुंगी येत नाही, पण अंगातली ओढ थांबते. सुई बंद आहे. जेवतो, झोपतो, आणि हात शिवशिवतात म्हणून इमारतीच्या जिन्याला रंग देतो आहे. कोणाला न विचारता हळदी पिवळा दिला. शेजारी बोंबलताहेत.

मागणं एकच. त्याला टिल्लीशी फोनवर बोलायचं आहे. भेटायचं धाडस त्याला अजून नाही. तू ठरवशील ते मला मान्य. उत्तर नाही आलं तरी माया आटली असं मी धरणार नाही.

तुझा,
बाबा


ता. १५ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानात वाचलं, काचा घासायच्या यंत्राशेजारी बसून. आमच्या मालकांनी विचारलं की डोळ्यांत काचेची पूड गेली का. मी हो म्हटलं. तुमच्या ओळी कागदाच्या उजव्या बाजूला डोंगर चढतात; तुम्हाला नवा चष्मा हवा आहे. डोळे तपासून नंबर पाठवा, फ्रेम मी निवडीन. मागच्या वेळी तुम्ही निवडलेल्या फ्रेममध्ये तुम्ही घुबडासारखे दिसत होता.

टिल्ली मजेत आहे. पुढचे दात पडले आहेत, त्यामुळे शिट्टी वाजवायला शिकली आणि आता थांबत नाही.

बारक्याबद्दल वाचून आनंद झाला नाही असं नाही. पण बाबा, मला ही गोळी पटत नाही. एक सोडायला दुसरी धरायची, हे आगीतून फुफाट्यात नव्हे का? रोज रांगेत उभं राहून आ करून दाखवणारा बाप मी मुलीला काय म्हणून दाखवू?

तुम्हाला एक गोष्ट सगळी सांगितलेली नाही. टिल्ली लहान असताना तो तिला तरणतलावावर घेऊन गेला होता. कपडे बदलायच्या खोलीत तिला बाकावर बसवलं आणि आलोच म्हणून माल आणायला गेला. तलाव बंद करणाऱ्या बाईंना ती ओल्या कपड्यांत कुडकुडताना सापडली. तिला आता ते आठवत नाही. मला आठवतं, दोघींसाठी तेवढं पुरे.

शहराबाहेर राहून उपचार घ्यायचं जे घर आहे, तिथे त्याने जावं. गोळीसकट सगळं सोडावं. पूर्ण कोरा होऊन बाहेर आला तर मी स्वतः टिल्लीला घेऊन येईन, फोनचं काय घेऊन बसलात. तोवर मात्र नको. माझा शब्द कडू लागला तर तो त्याच्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

जिन्याला हळदी पिवळा म्हणजे मलाही बोंबलावंसं वाटतं.

तुमचा हात डोक्यावर आहे म्हणून इतकं स्पष्ट लिहिलं.

आपली,
सूनबाई


ता. ६ मार्च

चि. सूनबाईस अ. उ. आ.

तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. ती खिडकी माझ्याही डोळ्यांत खुपतेच. समोरच्या थांब्यावर ओळखीचं कोणी उभं असलं की मी पेपरात तोंड घालतो.

बारक्याला पत्र वाचून दाखवताना तरणतलावाचा भाग गाळणार होतो. पण माझा आवाज अडखळला तसा त्याने कागदच हातातून काढून घेतला. वाचून झाल्यावर उठला, ब्रश धुवायला गेला. बराच वेळ ब्रश धूत होता. बाहेर येऊन म्हणाला की जातो.

मला वाटलं होतं केंद्रातले लोक त्याची पाठ थोपटतील. तिथे एक नर्सबाई आहेत, त्यांना सगळे फौजदारीण म्हणतात, अगदी तोंडावर. त्यांनी त्याला समोर बसवून विचारलं की स्वतःसाठी जातोस की कोणाच्या शर्तीसाठी. तो म्हणाला की दोन्ही. बाई म्हणाल्या की औषध त्याला मानवतंय, ते वर्षानुवर्षं घेत राहण्यात लाज नाही. राहून उपचार घेऊन पुष्कळांचं भलं होतं, पण सगळं सोडून बाहेर आलेल्या माणसाचं अंग सवय विसरतं, आणि अशा वेळी पाय घसरला तर जुनं माप जिवावर बेततं. जायचंच असेल तर जा म्हणाल्या, मात्र परत आलास तर आधी इथे ये, तोंड लपवू नकोस. मी मनात म्हटलं, दुकानदार गिऱ्हाइकाला सोडायला तयार नाही.

मग त्यांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी एक वर्ग असतो, तिथे यायला फर्मावलं. वर्ग म्हणजे मी, एक शिंपी आणि त्याची बायको. नशा जास्त होऊन श्वास बंद पडला तर नाकात मारायचा एक फवारा असतो, तो रबरी पुतळ्यावर कसा मारायचा आणि तोंडाने श्वास कसा द्यायचा ते शिकवलं. या साहेबांना सर्दी झाली आहे का, असं मी पुतळ्याकडे बोट दाखवून विचारलं. कोणी हसलं नाही. येताना दोन फवारे हातात ठेवले. असली वस्तू घरात ठेवणं मला बरं वाटत नाही, पण त्या बाईंपुढे नाही म्हणायची माझी प्राज्ञा नाही. स्क्रूड्रायव्हरच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिले आहेत.

खाटेसाठी थांबावं लागेल असं वाटत होतं, पण मध्येच एक रिकामी झाली. सोमवारी त्याला पोचवून आलो. फाटकापाशी त्याने माझ्या कोटाची कॉलर नीट केली. लहानपणी मी त्याची करायचो.

चष्म्याचा नंबर सोबत आहे. घुबड म्हण, पण जाड फ्रेमच पाठव, पातळ माझ्या बुडाखाली मोडते. टिल्लीला शिट्टीबद्दल शाबासकी.

आहे तसाच जीव लावत राहा.

तुझा,
बाबा


ता. ३० मार्च

प्रिय चष्मेवालीस,

स. न. लिहायला हात धजत नाही, तेव्हा ते तू समजून घे. उत्तर दिलंच पाहिजेस अशी अट नाही.

पहिले दिवस कसे गेले ते लिहीत नाही, कुत्रं हाल खाणार नाही असे गेले. आता भूक लागते. खोलीत माझ्याबरोबर एक ट्रक चालवणारा आहे आणि एक गणिताचे मास्तर आहेत. मास्तर घोरतातसुद्धा तालात. दिवसा बागेचं काम असतं. मला कुंपण रंगवायला दिलं आहे. रंग मात्र त्यांनीच निवडला, माझ्यावर विश्वास टाकला नाही. बाबांनी पिवळ्या जिन्याची बातमी इथपर्यंत पोचवली असावी.

इथली माणसं चांगली आहेत. सगळं इतकं ठीक आहे की त्याचीच भीती वाटते. इथे कोणी विकत नाही, ओळखीचा कोपरा नाही, हाक मारणारं कोणी नाही. इथे नशा न करणं म्हणजे छपराखाली छत्री उघडून उभं राहणं आहे. गोळी चालू होती तेव्हा मी भर बाजारातून चालत जाऊ शकत होतो. गोळीशिवाय जमेल का ते बाहेर पडल्यावरच कळेल. तुला घाबरवायला लिहीत नाही. बाबांना लिहिलं असतं तर त्यांनी लगेच लिफ्टचं उदाहरण दिलं असतं.

तू मागे विचारायचीस की एवढे दवाखाने असताना मी वेळेवर का गेलो नाही. तेव्हा मी भांडायचो, आता सांगतो. पायाला जखम झाली होती तेव्हा गेलो होतो. बाकावर टेकलो तर शेजारची बाई पर्स उचलून पलीकडच्या बाकावर गेली. डॉक्टरांनी पाय बघायच्या आधी दंड बघितले आणि मग पाय लांबूनच बघितला. त्यानंतर पाय भोपळ्याएवढा सुजला तरी मी गेलो नाही. केंद्रातली फौजदारीण खेकसते, पण खाली गुडघ्यांवर बसून पट्टी बांधते. जिथे धड बोलतात तिथेच माणूस पुन्हा जातो. तुझ्या दुकानातही गिऱ्हाइकांचं तसंच असेल.

तरणतलावाबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. तो कागद मी बाबांना परत दिलेला नाही.

टिल्लीला काही सांगू नकोस. तिला अजून घोडे आवडतात का, एवढंच कळलं तर बरं.

तुझा,
रंगारी


ता. ९ एप्रिल

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

त्याचं पत्र आलं. मी उत्तर दिलं, एका ओळीचं. घोडे गेले, आता ऑक्टोपस.

तो या महिन्यात बाहेर येतो आहे असं तिथून कळवलं. मी दिलेला शब्द मोडणार नाही. मेच्या पहिल्या शनिवारी टिल्लीला घेऊन येते. तिला सांगितलं आहे की आजोबांकडे जायचं आहे आणि तिथे बाबाही असतील. तिने विचारलं की तो बाबा तिला ओळखेल का. मी म्हटलं ओळखेल, तुझं नाक त्याचंच आहे.

चष्मा पाठवला आहे. जाड फ्रेम, तुमच्या बुडाला मान देऊन.

घरात काही खास करू नका. मुक्काम एकाच रात्रीचा. भेटीची ओढ तुम्हाला आहे तितकीच इकडेही आहे, एवढं लिहून थांबते.

आपली,
सूनबाई


ता. २६ एप्रिल

चि. सूनबाईस आशीर्वाद.

फोनवर मला धड सांगता आलं नाही आणि तुला धड ऐकता आलं नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

बारक्या घरी आला तेव्हा गाल भरलेले होते. पहिले काही दिवस बाहेरच पडला नाही. केंद्रात जाऊन ये म्हटलं तर म्हणाला की आता काय काम आहे तिकडे. मलाही ते ऐकून बरंच वाटलं. मंगळवारी दुपारी ब्रश आणायला म्हणून रंगाच्या दुकानात गेला. टिल्ली येणार म्हणून त्याला भिंतीवर काहीतरी काढायचं होतं. रंगाचं दुकान बाजारात आणि बाजारात त्याचा जुना कोपरा. कोण भेटलं, काय झालं, ते मी अजून विचारलेलं नाही.

घरी आला तो थेट न्हाणीघरात गेला. मी रेडिओ लावून चहा टाकला होता. नळ वाहतो आहे पण माणसाची चाहूल नाही, हे मला उशिरा जाणवलं. किती उशिरा, ते मोजत बसत नाही. हाका मारल्या. दार आतून बंद. आयुष्यभर अडकलेल्या लिफ्टची दारं उघडली, न्हाणीघराचं दार ते काय. पाना घालून बिजागरीच उचकटली.

भिंतीला टेकून बसला होता, शिशासारखा रंग. छातीच्या हाडावर मुठीने रगडलं, हलला नाही. ड्रॉवर ओढला तो सगळाच बाहेर आला, स्क्रूड्रायव्हर जमिनीवर. फवारा हाती लागला. त्याला आडवा केला, मान मागे, नाकात फवारा मारला. शेजारणीला ओरडून रुग्णवाहिका बोलवायला सांगितली आणि तोंडाने श्वास देत राहिलो, पुतळ्याला दिला तसा. काही नाही. दुसरा फवारा मारला. मग त्याने श्वास घेतला. गंजलेली साखळी ओढल्यासारखा आवाज झाला. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

डोळे उघडून पहिलं काय बोलला, तर तुला कळवू नका म्हणाला. मी म्हटलं ते जमणार नाही.

रुग्णालयात ड्युटीवरचे गृहस्थ संध्याकाळीच घरी पाठवायच्या बेतात होते. शुद्धीवर आला ना, मग खाट कशाला अडवायची, असा हिशेब. मी केंद्रात फोन केला. फौजदारीण अंगावरच्या ॲप्रनसकट आली आणि त्या गृहस्थांना बाजूला घेऊन काय बोलली कोण जाणे, बारक्याला ठेवून घेतलं आणि तिथूनच त्याची गोळी पुन्हा सुरू केली. मी तुम्हाला सांगितलं होतं, असं ती एकदाही म्हणाली नाही. मीच ओशाळून विचारलं की कोरा होऊन आलेल्या माणसाचं असं कसं झालं. म्हणाली की त्याने माप जुनं घेतलं आणि अंग नवं होतं. ओढ काही त्या घरात ठेवून येत नाहीत, ती सोबतच येते.

आता तुझ्या शर्तीबद्दल. फोनवर तू तेच तेच बोलत होतीस म्हणून लिहितो. शर्त तू घातलीस, मी ती उचलून धरली, तो ती पाळायला गेला. तिघांनीही चांगल्यासाठीच केलं. दोष वाटायला बसलो तर प्रत्येकाच्या वाट्याला घासभर येईल आणि कोणाचंच पोट भरणार नाही. तेव्हा ते राहू दे. तो खिडकीवर जातो आहे आणि आता मी त्याला ती सोडायला सांगणार नाही. कोणी सांगायला आलं तर त्याला माझ्याशी गाठ आहे.

शनिवारी यायचं की नाही ते तूच ठरव. नाही आलीस तरी या घरात तुझ्याबद्दल वाकडा शब्द निघणार नाही.

तुझा,
बाबा


ता. १२ मे

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. टिल्लीला मैत्रिणीकडे ठेवून एकटी आले ते बरं केलं. तुमच्यासमोर बोलता आलं नाही ते लिहिते.

येताना सगळ्या वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवत होते. आता पुरे, कागदोपत्री मोकळे होऊ, असं सांगायचं ठरवून आले होते. रात्री तो समोर बसला आणि मला एकही वाक्य आठवेना. सकाळी म्हणाला की खिडकीवर जायचं आहे, मी घरी थांबते की येते. तुम्ही पेपर वर केलात. मी चपला घातल्या.

त्या रांगेत कसली माणसं असतील याचं चित्र माझ्या डोक्यात तयार होतं. तसलं तिथे कोणी नव्हतं. गणवेशातला एक पोस्टमन होता, बाबागाडी घेऊन एक बाई होती, चकचकीत बुटांचे एक वयस्क गृहस्थ होते. सगळे घड्याळ बघत होते, कारण सगळ्यांना कामावर जायचं होतं. बारक्या पुढे त्या बाबागाडीवाल्या बाईंशी बोलायला गेला तेव्हा मागचे बूटवाले गृहस्थ मला हळूच म्हणाले की मी त्यांच्या पुढेच उभं राहावं, मागे सरकू नये. पहिल्या दिवशी उभं राहणं फार जड जातं, त्यांना आठवतंय. गोळी कडू लागली तरी गिळू नये, जिभेखालीच धरावी. आणि खिडकीतली मुलगी फटकळ वाटली तरी मनाने चांगली आहे.

मी तशी नाही, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, बाबा. पण त्या माणसाच्या तोंडावर ते कसं म्हणायचं? आभार मानले आणि त्यांच्या पुढे उभी राहिले.

बारक्याला सांगितलं तेव्हा हसून हसून त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. मलाही हसू आवरेना. आम्ही दोघं एकाच गोष्टीला शेवटचं कधी हसलो होतो ते मला आठवत नाही. मग त्याची पाळी आली. गोळी ठेवली, उभा राहिला, आ करून दाखवला. मी तिकडे बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतं. एका माणसाने औषध घेतलं, एवढंच.

मी परत राहायला येणार नाही, हे त्याला बागेत बसून सांगितलं. पुढचं पुढे, पण आज तरी माझ्यात ते बळ नाही. त्याने मान हलवली आणि विचारलं की मग टिल्ली. मी म्हटलं की तिला बाप जिवंत हवा, कोरा नसला तरी चालेल. रविवारी फोन करू दे. जुलैत तिला सुट्टी आहे, तेव्हा त्याने आठवडाभर इकडे यावं. माझ्या घरी नाही, कोपऱ्यावर एक स्वच्छ लॉज आहे. दिवसा तिला घेऊन हिंडावं, संध्याकाळी आणून सोडावं. पहिले दोन दिवस मी बरोबर असेन, नंतर बघू.

जिना पाहिला. पिवळा इतकाही वाईट नाही, पण हे शेजाऱ्यांना सांगू नका.

तुमच्या मायेवर माझा हक्क आहे असंच मी धरून चालते.

आपली,
सूनबाई


ता. २० जून

चि. सूनबाईस अ. उ. आ.

रविवारचे फोन तुला ऐकू येत असतीलच. इकडची गंमत सांगतो. टिल्लीशी बोलताना बारक्या उभा राहतो, साहेबांसमोर राहावं तसा. बोलून झालं की घामाघूम होऊन बसतो. आता केंद्रात आठवड्यातून दोनदा रंगाचं कामही करतो. फौजदारिणीने भिंतींना पांढऱ्याशिवाय काहीही चालणार नाही असं बजावलं आहे.

पण जुलैच्या येण्यात एक मोडता आहे. त्याला गोळ्या घरी न्यायला द्यायला खिडकीवाले अजून तयार नाहीत. मध्यंतरी जे झालं त्यानंतर काही महिने तरी समोरच घ्यावी लागेल म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. दुसऱ्या गावी जायचं तर तिथल्या औषधाच्या दुकानातून रोज मिळू शकते, पण तिथे राहणाऱ्या नातेवाइकाला आधी समोर जाऊन नाव नोंदवावं लागतं. कचेरीतल्या बाईंनी हे सांगताच बारक्या म्हणाला की मग राहू द्या. तुझं गाव लहान, अर्धं गाव तुझ्या दुकानात चष्मे करायला येतं, त्यात तुला ओढायचं नाही. तुला लिहायलाही त्याने मला बंदी केली आहे.

मी बंदी मोडून लिहितो आहे. जमलं नाही तर पत्र फाडून टाक, मी पाठवलंच नाही असं समजेन. पुढच्या वर्षीही जुलै येतोच.

तुझा,
बाबा


ता. २ जुलै

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. नाव नोंदवून झालं. त्याने शनिवारच्या गाडीने यावं, कचेरीचा कागद आणि ओळखपत्र खिशात ठेवावं, आणि रंगाचे डबे आणू नयेत. टिल्ली त्याला घ्यायला स्टेशनवर येणार आहे. शिट्टी वाजवली की तीच समजायची.

आता झालं ते सांगते. इथे आल्यापासून मी सगळ्यांना सांगत आले आहे की टिल्लीचे वडील दूरच्या बंदरात जहाजांना रंग देतात. रंग तेवढा खरा. तुमचं पत्र आल्यावर काही दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत औषधाच्या दुकानात गेले, तेव्हा ते रिकामं असतं म्हणून. नेमकं त्या दिवशी भरलेलं. आमचे औषधवाले कानाने जरा कमी आहेत. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं की नवऱ्याचं व्यसनावरचं औषध आहे, आठवडाभर रोज इथून द्यावं लागेल. त्यांना ऐकू आलं नाही. कोणाचं म्हणून विचारलं, तेही ओरडून, कमी ऐकणारी माणसं ओरडतात तसं. मग मीही मोठ्याने सांगितलं. शेवटच्या कपाटापर्यंत ऐकू गेलं असेल.

औषधवाल्यांनी चष्मा पुसला, तो मीच करून दिलेला आहे, आणि नाव लिहून घेतलं. म्हणाले की हवं तर मागच्या दाराने येऊ दे, कोणी बघणार नाही. मी म्हटलं की समोरूनच येईल.

बाहेर पडले. कोपऱ्यावर पोचते तोच मागून कोणीतरी बाही धरली. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. जिन्यातला दिवा चालू राहिला तर बोलतात, एरवी बोलत नाहीत. त्याही दुकानात होत्या, माझं लक्ष नव्हतं. मी मनात उत्तर तयार केलं, चांगलं धारदार. त्यांनी मागेपुढे बघितलं आणि विचारलं की नाव नोंदवायला आजारी माणसाला स्वतःच यावं लागतं, की बहीण गेली तरी चालते.

मी म्हटलं, बहीण चालते. सोबत येऊ का म्हणून विचारलं. त्या उद्या म्हणाल्या. रस्ता ओलांडायला लागल्या, थांबल्या, आणि परत येऊन म्हणाल्या की उद्या नको, उद्या त्यांना धीर व्हायचा नाही, आत्ताच जाऊ.

आम्ही दोघी उलट पावली दुकानात गेलो. त्यांनी भावाचं नाव हळू आवाजात सांगितलं. औषधवाल्यांना ऐकू गेलं नाही, तेव्हा मोठ्याने मीच सांगितलं.

आशीर्वाद मागत नाही, ते तुम्ही न मागता देता.

आपली,
सूनबाई